संधाता : कारागिराच्या शिक्षणाचा एक इतिहास

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी माहितीपत्रकांत व्यवसायांची नावे दिलेली असतात. जोडारी, कातारी, वीजतंत्री, तारतंत्री, यंत्र कारागीर, नळ कारागीर अशा त्या नामावळीत 'संधाता' (क्वचित 'सांधाता') असा एक शब्द येतो. मराठीच्या एम.ए.च्या वर्गात त्याचा अर्थ विचारला, तर बहुतेक विद्यार्थी त्याचा संबंध संधिप्रकरणाशी लावतील. आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते चुकणार नाहीत. 'सम्' या उपसर्गासह 'धा' या धातूपासून संधी, संधान आणि संधाता हे तिन्ही शब्द निघाले आहेत. दोन वर्णांचा जो सांधा व्याकरणात होतो, तोच दोन पोलादी पट्ट्यांचा कार्यशाळेत होतो. संधाता म्हणजे वेल्डर.

शब्द नेमका आहे, सुंदरही आहे. परंतु ज्याच्यासाठी तो घडवला, त्याच्या तोंडी तो कधी रुळला नाही. तो 'वेल्डिंग मारतो'. ज्ञानग्रंथांतून 'वितळजोडकाम' असाही एक प्रतिशब्द आढळतो; तोही ग्रंथांतच राहिला. एका कामाला भाषेने दोन शास्त्रशुद्ध नावे द्यावीत आणि काम करणाऱ्याने ती दोन्ही बाजूला ठेवावीत, या घटनेचे आम्हा मराठीच्या अध्यापकांना कुतूहल वाटते. पारिभाषिक शब्द बोजड असतात, असे नेहमीचे उत्तर देऊन ते शमत नाही. 'कातारी' बोजड नाही, 'जोडारी' तर नाहीच. प्रश्न शब्दाच्या रूपाचा कमी आणि शिक्षणाच्या इतिहासाचा अधिक आहे. हाताचे कौशल्य कोणाला शिकू दिले गेले आणि ते कोणत्या भाषेत शिकवले गेले, या दोन धाग्यांनी हा इतिहास विणलेला आहे. ते दोन्ही धागे येथे एकत्र पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

भाता आणि वारसा

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने बलुतेदारीचे जे चित्र आपल्यासमोर ठेवले, त्यात लोहाराचे स्थान ठरलेले आहे. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, गाडीची धाव ही त्याची कामे. वर्षाकाठी मिळणारे धान्य हे त्याचे वेतन. लोखंड सांधण्याची विद्या त्याच्यापाशी होतीच. दोन तुकडे भट्टीत पांढरेफटक होईतो तापवायचे, ऐरणीवर एकावर एक ठेवायचे आणि योग्य क्षणी घणाखाली एकजीव करायचे. तो क्षण रंगावरून ओळखायचा असतो. थोडे आधी घाव घातला तर सांधा धरत नाही, थोडे उशिरा घातला तर लोखंड जळते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी झाळण्याची विद्या निराळी. या सर्व कामांना मराठीत स्वतःची क्रियापदे होती: सांधणे, झाळणे, पाणी देणे, शेवटणे.

या शिक्षणाला पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. मुलगा प्रथम भाता ओढायचा, मग हातोडा उचलायचा, मग त्याच्या हाती सांडशी यायची. ही पद्धत अतिशय परिणामकारक होती, हे मान्य करायला हवे. तिच्याविषयी लिहिताना आपल्याकडे एक हळवा सूर लागतो. तो मात्र टाळायला हवा. कारण या शाळेत प्रवेश जन्मानेच मिळे. लोहाराचा मुलगा लोहारकाम शिके, आणि ज्याच्या वाट्याला मेलेली गुरे ओढणे आले, त्याच्या मुलासाठी भात्याची दोरी नव्हती. विद्या आणि वारसा यांचा हा सांधा तोडल्याखेरीज कारागिराचे शिक्षण हे 'शिक्षण' होणार नव्हते.

संस्था येतात

तो सांधा तोडण्याचे पहिले साधन म्हणजे संस्था. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकी वर्ग व यांत्रिकी शाळा निघाली. सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम दर्जाचे अधिकारी तयार करणे हा तिचा हेतू होता. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिच्यासमोर वाढत्या गिरण्या होत्या आणि त्यांतील यंत्रे चालवणारी माणसे हवी होती. या संस्थांनी जातीची अट घातली नाही. इंग्रजीची अट मात्र आपसूक आली. कौशल्याच्या दारावर जन्माच्या जागी भाषा उभी राहिली.

याला अपवाद ठरलेला एक प्रयोग मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८९० साली सयाजीराव गायकवाड यांनी बडोद्यात कलाभवन स्थापन केले. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. तांत्रिक शिक्षण देशी भाषांतूनच द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी पाठ्यग्रंथ तयार करून घेण्याची आणि परिभाषा घडवण्याची योजनाही त्यांनी हाती घेतली होती. कारागिराला आधी परकी भाषा आणि मग हत्यार, असा क्रम त्यांना मान्य नव्हता. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून निघून याच कलाभवनात शिकले, हे आपल्याला चित्रपटाच्या इतिहासातून ठाऊक असते. भाषेच्या इतिहासात मात्र कलाभवनाचे नाव आम्हाला फारसे भेटलेले नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. चित्रकार व्हायला ते जे. जे. कलाशाळेत गेले; रंगांधत्वामुळे रंगकाम सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले; व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून अँग्लो-इंडियन व्यक्तीची निवड झाली, तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या धंद्यात शिरले. लोखंडी नांगर त्यानंतर आला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. या वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. कारखान्याचे घरगुती पत्र म्हणून जन्मलेले हे मासिक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठीतले एक महत्त्वाचे नियतकालिक झाले; त्याला पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' या भावंडांची जोड मिळाली. आपण या मासिकांचा अभ्यास कथा, निबंध आणि समाजसुधारणा यांच्या अंगाने करतो. त्यांचा उगम ओतशाळेच्या शेजारी झाला, ही गोष्ट आपण तळटीपेत टाकतो. नागपूरच्या 'उद्यम' मासिकाला तर वाङ्मयेतिहासात तळटीपही अभावानेच मिळते. यंत्राविषयी मराठी गद्य लिहिता येते आणि ते सामान्य वाचकापर्यंत पोचते, हे या मासिकांनी सिद्ध केले होते.

धोटा आणि लाळ

संस्थांच्या बाहेर, प्रत्यक्ष कारखान्यांत, जुनी कुंपणे नव्या रूपात उभी होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते हे तुलनेने चांगल्या मजुरीचे; परंतु अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. कारण असे दिले जाई, की धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि धागा ओढताना लागलेली लाळ इतर कामगारांना चालणार नाही. यंत्र लँकेशायरचे, विटाळ मात्र इथला. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणकाम खात्यात प्रवेश हा संपाच्या मागण्यांचा भाग व्हावा असा आग्रह धरला. मामा वरेरकरांच्या कादंबरीचे 'धावता धोटा' हे नाव आपण गिरणगावाचे प्रतीक म्हणून शिकवतो. त्या धोट्यापाशी कोणाला उभे राहता येत होते, हा प्रश्नही त्याच तासाला यायला हवा.

बिनजातीची विद्या

या पार्श्वभूमीवर विजेच्या वेल्डिंगचे आगमन पाहिले पाहिजे. १८८० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय बेनार्डोस आणि स्टॅनिस्लाव्ह ओल्शेव्स्की यांनी कार्बनच्या कांडीतून विद्युत्प्रज्योत निर्माण करून धातू वितळवून जोडण्याची रीत सिद्ध केली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्ग यांनी धातूच्या कांडीला लेप देण्याची कल्पना काढली. लेप जळताना निघणारा वायू आणि वर साचणारी मळी वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतात, म्हणून सांधा भक्कम येतो. आजही आपल्या गल्लीतल्या दुकानात जी 'रॉड' वापरतात, ती याच कल्पनेची वारस. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांच्या ज्योतीची टॉर्च प्रचारात आली. तीन हजार अंशांहून अधिक तापमानाची ही ज्योत माणसाच्या मुठीत मावत होती. तोवर जहाजे, पूल आणि बाष्पके रिव्हेट ठोकून बांधली जात. १९२० साली इंग्लंडमध्ये 'फुलगार' हे संपूर्णपणे वेल्डिंगने जोडलेले सागरी जहाज पाण्यात उतरले आणि रिव्हेटचे दिवस भरत आल्याची चिन्हे दिसू लागली.

भारतीय संदर्भात या तंत्राचा एक गुण तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत सापडणार नाही. वेल्डिंग कोणत्याही जातीचे नव्हते. ते बलुत्यात नव्हते, पुराणात नव्हते. त्याचा कोणी विश्वकर्मा नव्हता. विजेच्या प्रज्योतीला वारसदार नसल्यामुळे तिच्यापाशी कोणालाही उभे राहता येणे निदान शक्य होते. ती शक्यता प्रत्यक्षात येण्यासाठी मात्र शिक्षणाची सार्वजनिक व्यवस्था हवी होती, आणि ती युद्धाने आणली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा केंद्रबिंदू आणि मातृभाषा हे माध्यम, अशी गांधीजींची मांडणी तेथे पुढे आली; डॉ. झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. तीनच वर्षांत सरकारला युद्धासाठी तंत्रज्ञांची गरज पडली आणि १९४० पासून वेगळ्याच प्रकारचे तांत्रिक प्रशिक्षण सुरू झाले. १९४१ पासून ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या योजनेखाली भारतीय कारागिरांच्या तुकड्या प्रशिक्षणासाठी ब्रिटनला जाऊ लागल्या. वर्ध्याच्या योजनेत हात होता, भाषा होती. परंतु टकळीला प्राधान्य होते आणि कारखान्याकडे पाठ. युद्धकालीन योजनेत कारखाना होता आणि भाषेचा विचार नव्हता. आपल्या कारागीर-शिक्षणाने पुढे दुसऱ्या वाटेने जायचे ठरवले, आणि गज्जरांचा प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहिला.

याच काळात, १९४२ साली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाबरोबरच तांत्रिक प्रशिक्षणाचीही मागणी आहे; सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळा यांत उमेदवारीची संधी मिळावी, असे त्यात सुचवलेले आहे. वकील आणि पदवीधर घडावेत ही इच्छा तर होतीच. पण जुळारी आणि यंत्रकारागीर घडणे हीसुद्धा मुक्तीची वाट आहे, हे या मागणीमागचे भान आहे. जुलै १९४५ मध्ये, ते मजूर सदस्य असतानाच, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी आणि रोजगारासाठी महासंचालनालय स्थापन झाले. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना याच यंत्रणेतून आली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आपण ज्यांना 'आयटीआय' म्हणतो त्या, या योजनेच्या पोटी जन्मल्या. १९५६ साली त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले.

एका वर्षाचा अभ्यास

वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. दीर्घकाळ त्याची प्रवेशपात्रता आठवी उत्तीर्ण अशी राहिली. सुरुवात कानशीने आणि करवतीने होते. मग प्रज्योत पेटवणे येते. नवशिक्याची रॉड पत्र्याला चिकटून बसते; दूर धरली तर प्रज्योत विझते. दोहोंमधले अंतर साधारण रॉडच्या तारेच्या जाडीइतके राखायचे, रॉड झिजत जाते त्या वेगाने हात खाली आणायचा आणि त्याच वेळी सांध्याच्या रेषेने पुढे न्यायचा. काळ्या काचेतून दिसते ते फक्त वितळलेल्या धातूचे लहानसे तळे. बाकी जग अंधारात असते. आधी सपाट, मग आडवा, मग उभा आणि शेवटी डोक्यावरचा सांधा, अशी चढती भाजणी असते. शेवटच्या स्थितीत वितळलेला धातू खाली पडू न देता वरच्या वर गोठवायचा असतो. काच नीट धरली नाही, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. हा धडा प्रत्येकाला एकदा तरी मिळतो.

या शिक्षणाचे मूल्यमापनही आम्हाला विलक्षण वाटते. सांधलेली पट्टी वाकवून पाहतात, तोडून पाहतात, महत्त्वाच्या कामात क्ष-किरणांनी तपासतात. आत राहिलेला हवेचा बुडबुडा वशिल्याने लपत नाही. १९७३ नंतर तेलाच्या पैशावर आखाती देशांत बांधकामे वाढली आणि कोकणातून, मुंबईतून वेल्डर तिकडे जाऊ लागले, तेव्हा भरतीच्या 'ट्रेड टेस्ट'मध्ये उमेदवारासमोर नळाचे दोन तुकडे ठेवले जात. उत्तरपत्रिका म्हणजे तो सांधा.

सांधा फसला तर काय होते, याचे उदाहरण इतिहासाने मोठ्या आकारात दिले आहे. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या धक्क्याला उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज थंडीत दुभंगले. रिव्हेटच्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेशी थांबते. सांधलेल्या जहाजात सारे पत्रे एकच असल्याने ती धावत सुटते. सदोष सांधे, थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि कोपऱ्यांवर साचणारा ताण या साऱ्यांचा अभ्यास अशा दुर्घटनांनंतर नेटाने झाला. एकजीव होण्याची किंमत असते, हे पोलादाने शिकवले.

कौशल्य कागदावर साठवता येत नाही, याचा दाखला मुंबईतच आहे. जर्मनीशी १९८१ साली झालेल्या करारानुसार चार पाणबुड्यांपैकी दोन माझगाव गोदीत बांधल्या गेल्या: 'शाल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुडीच्या दाब सोसणाऱ्या कवचाचे वेल्डिंग हे या विद्येचे शिखर. त्यासाठी माणसे खास तयार केली गेली होती. त्यानंतर काम थांबले. पुढची पाणबुडी 'कलवरी' नौदलात आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात ती घडलेली माणसे निवृत्त झाली किंवा दुसरीकडे गेली, आणि विद्या पुन्हा नव्याने उभी करावी लागली. नकाशे जपता येतात; हात जपायला सतत काम लागते.

भाषेची बाकी

दोन धाग्यांपैकी पहिल्याचा हिशेब असा लागतो. जन्माचे कुंपण संस्थेने पुरते पाडले नाही; गल्लीतल्या गेट-ग्रिलच्या दुकानात 'हेल्पर' म्हणून शिकलेल्यांना प्रमाणपत्र मिळाले नाही आणि मुलींची संख्या या वर्गात फार थोडी राहिली. तरीही बलुत्याबाहेरच्या असंख्य मुलांना हाती कला आणि महिन्याचा पगार देणारे हे दार होते, ही साधी गोष्ट नव्हे.

दुसऱ्या धाग्याची बाकी मात्र आपल्या नावे आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार यांनी आपापल्या व्यवसायाची भाषा अभंगात आणली. चाक, मोट, मूस हे शब्द अध्यात्माचे झाले. नारायण सुर्व्यांनी 'माझे विद्यापीठ' (१९६६) या नावातच विद्यापीठाचा पत्ता बदलला. परंतु प्रज्योत, मळी, टॅक, बीड, अंडरकट या शब्दांत जगणारा माणूस मराठी साहित्यात विरळाच भेटतो. त्याच्याकडे अनुभव आहे आणि मिश्र, जिवंत बोलीही आहे. 'रन सरळ गेला पाहिजे', 'पत्रा ओढतोय', 'रॉड ओली आहे, फटफटते' ही वाक्ये मराठीच आहेत. आपण त्याला 'संधाता' हे नाव दिले आणि त्याच्याशी बोलणे तेथेच संपवले. प्रशिक्षणाची काही पुस्तके आता भारतीय भाषांत येऊ लागली आहेत. तीही भाषांतरे आहेत, त्या कामातून उगवलेले गद्य नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने ताम्रपट आणि शिलालेख यांचा अभ्यास वाढेल, तो वाढायलाच हवा. त्याबरोबर प्रत्येक तालुक्याच्या गावी आपल्या महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर जी औद्योगिक प्रशिक्षण संस्था असते, तिच्या कार्यशाळेतील शब्दसंग्रह गोळा करण्याचे काम आपल्या विभागांनी अंगावर घ्यावे, अशी आमची सूचना आहे. अनेक घरांत एक भाऊ आपल्या बी.ए.च्या वर्गात असतो आणि दुसरा त्या कार्यशाळेत. पहिल्याने दुसऱ्याची भाषा लिहून काढावी, हा पदव्युत्तर प्रकल्पाचा उत्तम विषय आहे. त्यातून एखादा कोश निघेल, एखादे आत्मकथन निघेल. निदान यंत्रशाळेतील शिक्षकाला पारिभाषिक शब्द निवडताना कामगाराचे तोंड विचारात घेता येईल. गज्जरांनी १८९० मध्ये बडोद्यात विचारलेला प्रश्न अजून खुला आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची अर्धी जबाबदारी भाषा शिकवणाऱ्यांची आहे.